डावा कप्पा

टक्.

अगदी बारीक आवाज झाला आणि माझी चहाची वाटी ओठांपाशीच थांबली. मेंढीच्या घोट्याचं एवढंसं हाड लाकडावर पडलं की होईल तेवढाच. सभागृहात बाकी कुणाच्या तो गावीही नव्हता. खुर्च्या करकरत होत्या, चहावाली बुरुलचा किटली घेऊन रांगांमधून फिरत होती, आणि ज्यांच्या हातून आवाज झाला ते ओमुरझाक बाइके, आम्हा सगळ्यांचे थोरले दादा, स्वतःच ठार बहिरे. पेटीतून हात बाहेर काढून, बाही खाली ओढत, लग्नात आहेर करून आल्यासारखे ते समाधानाने जागेवर जाऊन बसले. पण माझं आयुष्य भूकंप ऐकण्यात गेलं आहे. डोंगराच्या पोटात कुठे काही सरकलं की ते टिपायचं, यावरच मी इतकी वर्षं पोट भरलं. आणि मतदान चालू असताना या पेटीतून आवाज आलेला मी आमच्या संस्थेत कधीच ऐकला नव्हता. आवाज येऊ नये म्हणून तर ती पेटी होती.

पेटी अक्रोडाच्या लाकडाची. पुढच्या बाजूला एक गोल भोक, आणि भोकातून बाहेर लोंबणारी दाबलेल्या लोकरीची, नमद्याची बाही. वाडग्यातलं एक हाड मुठीत घ्यायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा, आणि डोळे खिडकीबाहेरच्या बर्फाच्या डोंगरांकडे लावायचे. पेटीकडे बघायचं नाही, लोकांकडे बघायचं नाही. आत मध्ये एक फळी आहे. फळीच्या उजवीकडे सोडलं तर होय, डावीकडे सोडलं तर नाही. दोन्ही कप्प्यांना आतून जाड नमदा, त्यामुळे हाड कुठे पडलं ते फक्त हाताला कळतं. आमची पर्वतविज्ञान संस्था उभी राहिली तेव्हापासून नवा सभासद घ्यायचा असो, संचालक निवडायचा असो, की कोळसा घ्यायचा असो, सगळं या बाहीतूनच झालेलं आहे. आज मात्र एकीला काढायचं होतं. उमसुनाय खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती; जिच्यावर मत घ्यायचं तिने तसंच बसायचं, हाही रिवाजच. तिची मान सरळ होती, पण एका हाताने ती दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून ओढत होती. ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

तिचा गुन्हा काय, तर शहराच्या दक्षिणेला कालव्याच्या वरच्या अंगाला जी नवी वस्ती उठते आहे, तिच्या बरोबर खालून जमिनीतली भेग जाते, असा तिने नकाशा काढला, आणि वर्तमानपत्रवाल्याने विचारलं तेव्हा हो म्हणाली. वस्ती कुणाची आहे ते शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. मग वरून फोन आले. ठराव आला: संस्थेच्या परवानगीवाचून बोलल्याबद्दल सभासदत्व रद्द. सभासदत्व गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की नकाशा एका काढून टाकलेल्या बाईचा झाला. तो मग कोण बघतो? नियम एवढाच होता, की काढायला दोन तृतीयांश हाडं उजवीकडे पडायला हवीत.

दुसरे उठले शाबदान. आमच्या नकाशाघराचे प्रमुख, आवाज घोड्यावरून हाका मारणाऱ्याचा. तासाभरापूर्वी याच सभागृहात त्यांनी उमसुनायला असं काही झोडपलं होतं, की मला त्यांचा राग आला होता. ‘‘पोरगी नावासाठी हपापलेली आहे! संस्थेच्या ताटात जेवते आणि ताटातच थुंकते!’’ म्हणाले होते. त्यांनी हात घातला. खिडकीकडे बघितलं. त्यांच्या कोपराला जरासा झटका बसला.

काहीच आवाज झाला नाही.

मी वाट पाहिली. त्यांनी हात काढला, मूठ रिकामी होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजवा कप्पा! इतकी वर्षं होय, होय, होय म्हणत जी हाडं पडली, त्यांनी उजवीकडचा नमदा झिजवून टाकला होता. खाली लाकूड उघडं पडलं होतं. डावीकडे कुणी फारसं गेलंच नव्हतं, तिथला नमदा अजून कोरा. होय वाजत होतं, नाही गप्प होतं. आधी मला हसू आलं. काय गंमत आहे बघा, आमच्या साऱ्या होयबापणाचा इतिहास एका नमद्यात! मग हसू जागच्या जागी विरलं, कारण माझ्या शेजारी, पेटीच्या दुसऱ्या अंगाला, संचालक तुर्दाकुन बसला होता आणि त्याने मान वर केली होती. तोही भूकंपवाला. आम्ही दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकलो, एकाच तंबूत थंडीने कुडकुडत यंत्राच्या सुईकडे बघत बसलो. त्याचा कान माझ्याइतकाच तिखट. तो शाबदानकडे बघत होता. हळूहळू, विचार करत.

तिसऱ्या पाळीला एक बाई उठली. टक्.

आता आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि दोघांनाही कळलंय हेही दोघांना कळलं होतं. मला भीती वाटली. स्वतःची नव्हे, आधी शाबदानची. त्या माणसाने आरडाओरडा करून स्वतःभोवती जी भिंत बांधली, ती या दोन हाडांमधल्या शांततेने पाडली होती. आणि अजून बाकी सगळ्यांची पाळी यायची होती. उठून सांगावं का, थांबा, पेटी वाजते आहे? पण सभा सुरू होतानाच तुर्दाकुन म्हणाला होता, ‘‘ही पेटी आता संग्रहालयात ठेवण्यासारखी झाली. सगळं जग हात वर करतं, आपणच काय ते बाहीत हात घालणारे. नव्या नियमात सोय आहे बरं का. पेटीत काही बिघाड निघाला, तर तिथल्या तिथे हात वर करून मत घ्यायचं.’’ आणि मग माझ्याकडे वळून, गोड आवाजात, ‘‘एजे, तुम्ही मतमोजणीला आहात. काही बिघाड वाटला तर सांगा हं.’’ तरुणपणापासून तो मला एजे म्हणतो, थोरली बहीण. म्हणजे मी तोंड उघडलं तर हात वर. गप्प बसले तर तुर्दाकुनचे कान. इकडे आड तिकडे विहीर, आणि चौथा माणूस वाडग्यातून हाड उचलत होता.

मी जर्दाळूच्या मुरंब्याचा मोठा चमचा भरून वाटीत टाकला आणि ढवळायला लागले.

चिनी मातीची वाटी, लोखंडी चमचा. खणखण, खणखण. चौथा माणूस हात काढून गेला, आणि मला काही ऐकू आलं नाही. पाचवी आली. मी ढवळत होते. तुर्दाकुन माझ्याकडे वळला.

‘‘एजे, विरघळलं नाही का अजून?’’

‘‘नाही ना. जर्दाळू फार हट्टी आहेत यंदाचे.’’

‘‘मग बुरुलचाला दुसरी वाटी आणायला सांगू?’’

‘‘कशाला? माझी वाटी, माझा मुरंबा. तू आपला खिडकीकडे बघ, रिवाजाप्रमाणे.’’

पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले. तुर्दाकुन हसला नाही, पण खिडकीकडे वळला. हात दुखेपर्यंत ढवळायचं एवढंच आता मला करायचं होतं, आणि हाताला असं बिनडोक काम लागलं की माझं मन उधळतं. हे सगळं कुणी सुरू केलं? ग्लेब ओत्तोविचने. मी त्याला पाहिलेलं नाही. आमच्या गुरुजींनी, एसेनकुल अगायनी सांगितलेला तेवढाच मला ठाऊक. युद्धात लेनिनग्राडहून आगगाडीने हा म्हातारा आला, अंगावर एक कोट आणि पेटाऱ्यात भूकंपमापकाच्या स्प्रिंगा. उपाशीपोटी संस्था उभारली, आणि सगळ्यात आधी काय मागितलं, तर मतपेटी. जुन्या विद्वानांच्या मंडळात अशी पेटी असते म्हणे, पांढरे नि काळे गोळे असतात. लोक म्हणाले, ‘‘म्हाताऱ्या, पाव कुठून आणायचा ते बघ.’’ तो म्हणाला, ‘‘पाव संपेल, पेटी राहील.’’ गोळे कुठले मिळायला. अंगणात पोरं मेंढीच्या हाडांनी खेळत होती, तीच घेतली. नमदा कुणा मेंढपाळणीने दिला. बाहेर तेव्हा मतपत्रिकेवर एकच नाव असायचं, आणि पडद्याआड जाणाऱ्याकडे माणसं संशयाने बघायची. आत मात्र बाही होती.

अगाय सांगायचे, युद्धानंतर एकदा असंच झालं. एका माणसाने कशावर तरी सही करायला नकार दिला होता, त्याला काढायचं होतं. एकामागून एक सगळे व्यासपीठावर चढले आणि त्याला देशद्रोही म्हणाले, अगायसुद्धा म्हणाले. मग बाही. ठराव पडला! आपटला म्हणा. करड्या इमारतीतली, गुप्त पोलिसांची माणसं आली, पोतं भरून हाडं घेऊन गेली, तपासली, परत आणून दिली. ‘‘मी म्हटलं, साहेब, हाडांना काय विचारता, मेंढीला विचारा,’’ अगाय हसून सांगायचे, आणि मग हळूच, ‘‘मनात म्हटलं हं. मनात.’’ मला ते पटायचं नाही. व्यासपीठावर एक आणि बाहीत एक, हा कसला शूरपणा, असं मी तेव्हा तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘शूरपणा नाहीच पोरी. शूर माणसांना बाही लागत नाही. ती आपल्यासारख्यांसाठी आहे.’’ आज शाबदानच्या कोपराचा तो झटका पाहिला तेव्हा ते मला कळलं. कळायला केवढी वर्षं लागली!

आणि तेव्हापासून तो एक विरोध. आमच्या संस्थेतलं सगळ्यात जुनं कोडं. ठराव कसलाही असो, डावीकडे एक हाड निघायचंच. कोळसा घ्यावा का? एक विरोध. वसंताच्या सणाला मेजवानी करावी का? एक विरोध. मेजवानीला विरोध करणारा तो कोण महाभाग, म्हणून आम्ही पोरं ताटांवरून भांडायचो. मला वाटायचं, अगायच. ते म्हणायचे, ‘‘वापरात नसलेलं दार फुगून बसतं. कुणीतरी ते रोज उघडून बघत असेल.’’ अगाय वारले त्या वर्षी मी मुद्दाम मतमोजणीला बसले. पेटी उघडली, आणि डावीकडे एक हाड होतं. मी रडायला तयार होऊन बसले होते, ती हसत सुटले. मग कोण? पुढे देश बदलला, झेंडा बदलला. मतपत्रिकेवर दोन-दोन, चार-चार नावं आली, शाळेत पडदे लागले, तेव्हा वस्तीतल्या बायका मला विचारायला आल्या, ‘‘एजे, आत गेल्यावर नक्की करायचं काय? बाहेर उभ्या माणसाला कळतं का?’’ मी त्यांना संस्थेत आणून पेटी दाखवली, एकेकीला बाहीत हात घालायला लावला. एकीने हात घालून कितीतरी वेळ काढलाच नाही. म्हणाली, ‘‘इथे बरं वाटतंय.’’ मग चौकात गर्दी जमली, राष्ट्राध्यक्ष पळाले, दुसरे आले, तेही पळाले. काचा फुटत होत्या तेव्हाही आमची सभा चालू होती, आणि डावीकडे एक हाड होतं. मला ते माणूस बघायचं आहे. देवाशपथ, भूकंप केव्हा होणार हे कळलं नाही तरी चालेल, पण ते कळायला हवं.

आणि तेच कळण्याची संधी आज माझ्या पुढ्यात चालत येत होती. चमचा थांबवला की झालं. एकेक माणूस, एकेक आवाज. मी ढवळत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. हा वेड्या मिशांचा हिमनद्यावाला, हा काय करेल? ही माझी मैत्रीण, मुलगा सरकारात लागलाय, ही काय करेल? दोनदा चमचा आपोआप मंद झाला. दोनदा मी त्याला परत हाकला. तेवढ्यात माझी पाळी आली. मी उजवा हात पेटीत घातला आणि डाव्याने ढवळत राहिले. सभागृह खो-खो हसलं.

‘‘अगं असिलकान, दोन्ही हात कामात!’’ कुणीतरी ओरडलं. ‘‘आता पायाने मोजणार का?’’

आणि ओमुरझाक बाइके, ज्यांना काहीच ऐकू येत नव्हतं पण माझा चमचा दिसत होता, त्यांना वाटलं आता मेजवानीतल्यासारखे कुणाच्या नावाने दोन शब्द बोलायचे आहेत, म्हणून चमचा वाजतोय. ते उभे राहिले आणि आपल्या वाटीवर चमचा ठोकायला लागले, ठणाणा. त्यांना खाली बसवायला तिघं लागले. त्या गोंधळात माझं हाड पडलं. मलासुद्धा ऐकू आलं नाही.

शेवटी तुर्दाकुन उठला. संचालकाने शेवटी मत द्यायचं असतं. वाडग्यात एकच हाड उरलं होतं. ते त्याने उचललं, तळहातावर एकदा फिरवलं, लहानपणी डाव टाकण्याआधी फिरवतात तसं, आणि हात बाहीत घातला. त्याने खिडकीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि वाट बघत थांबला. सभागृह आता गप्प झालं होतं. माझा चमचा एकटाच वाजत होता. मला ते जाणून घ्यायचंच होतं. हाच तो फोन घेणारा. हाच एका रात्री तंबूत स्वतःचं पांघरूण माझ्या अंगावर टाकून बाहेर शेकोटीशी जाऊन बसलेला. यातला कोण आत हात घालून उभा आहे? एक क्षण चमचा थांबवायचा, एकच. पण त्याच्यासाठी थांबवला असता तर मग मी बाकी सगळ्यांसाठी ढवळलं ते कशाला? मी ढवळत राहिले. त्याच्या खांद्यातून काहीतरी सुटलं, आणि त्याने हात बाहेर काढला.

पेटीची मागची झडप उघडून हाडं मी मोजली, दोघांनी तपासली. उजवीकडचा ढीग मोठा होता. पण दोन तृतीयांशाला एक हाड कमी पडलं. फक्त एक. उमसुनाय वळली नाही. तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडते आहे, आणि मग बुरुलचाने किटली खाली ठेवून तिला मिठी मारली.

बाहेरच्या व्हरांड्यात जत्रा भरली होती. जो तो तिच्या कानात, खांद्यावर हात ठेवून, ‘‘माझं डावीकडेच होतं हं,’’ सांगत होता. सगळ्यांची बेरीज केली तर उजवीकडे एकही हाड निघालं नसतं. ओमुरझाक बाइके बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात गरजले, ‘‘पोरी, मी तुझ्याच बाजूचा! पहिलंच माझं, डावीकडे!’’ त्यांचं ‘टक्’ अजून माझ्या कानात होतं. आणि शाबदान? ते भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून उभे. उमसुनाय समोरून जाताना गुरगुरले, ‘‘वाचलीस. नशीब तुझं. पुढच्या वेळी तोंड आवरून नकाशे काढ.’’ ती मान खाली घालून पुढे गेली. मला धावत जाऊन त्या माणसाचे हात हातात घ्यावेसे वाटले. घेता येत नव्हते. कुणाचंच काही म्हणजे काही कुणाला सांगता येत नव्हतं, आणि सगळे आनंदाने बोलत होते.

लोक पांगल्यावर मी पेटी टेबलावर आडवी केली. उजव्या कप्प्यात हात घातला तर नमद्याचं नुसतं जाळं उरलेलं, मधोमध हाताला गार लाकूड. डावीकडे हात घातला, तिथे लोकर अजून दाट, मऊ, थोडी खरखरीत. बुरुलचाने कुठूनसा जुन्या नमद्याच्या गालिच्याचा तुकडा आणून दिला होता. मी कात्री घेतली, तेव्हा तुर्दाकुन दारात आला. त्याची नजर कात्रीवर गेली.

‘‘एजे, पहिली दोन-तीन मीही ऐकली,’’ तो म्हणाला.

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘विसरलो.’’ मग थांबून, ‘‘शाबदानचं तर आधीच विसरलो.’’

मी मान हलवली. तो आत आला, अध्यक्षाच्या खुर्चीत न बसता पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीत बसला, विद्यार्थ्यांच्या.

‘‘आणि माझं? ऐकलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘काहीच नाही? तुमचा कान, एजे. एवढ्या जवळून.’’

‘‘चमचा वाजत होता रे.’’

तो हसला, पण त्याचा चेहरा मात्र हसला नाही. ‘‘आता वरून विचारतील, तू तरी काय केलंस? मी काहीही सांगितलं तरी खरंच मानावं लागेल त्यांना. किंवा खोटं. आणि इथे उद्यापासून सगळे मला बघून व्हरांड्यात आवाज खाली करणार. तेही बरोबरच आहे म्हणा.’’ त्याने हातांच्या तळव्यांकडे बघितलं. ‘‘मी मुद्दाम थांबलो होतो. मला वाटलं होतं, तुम्ही तरी ऐकाल.’’

त्याच्या खोलीतला फोन वाजायला लागला. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथून, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘जाड लावा, एजे.’’

मला त्याला विचारायचं होतं. आजचं नव्हे फक्त, सगळंच. कोळशाचं, मेजवानीचं, अगाय गेले त्या वर्षीचं. जिभेवर आलेला प्रश्न मी दाताखाली धरला, आणि त्याच दातांनी दोरा तोडून सुईत ओवला. फोन थांबला. भिंतीपलीकडे तो बोलत होता, आणि काय बोलतोय ते मी जरा कान दिला असता तर ऐकू आलं असतं. मी नमदा जाड कापला, दुहेरी केला, आणि शिवायला घेतला.